पदर सरकवण्याआधी

(दृश्य: नर्सिंग कॉलेजचा सराव वर्ग. टेबलावर गरोदर बाईचा पुतळा.)

पुतळ्याला लाज नसते. तरीही मॅडम आधी दार लोटायला लावतात, मग पडदा. इथेच सवय लागली नाही, तर वॉर्डाच्या गर्दीत कुणाला आठवणार?

(दृश्य: विद्यार्थिनीचे हात.)

पोट तपासण्याआधी बाईला लघवीला जाऊन यायला सांगायचं. मग उताणं झोपवून गुडघे थोडे वाकवायचे, म्हणजे पोट सैल पडतं. कमरेखाली चादर आणि छातीवर पदर तसाच. उघडं फक्त पोट. हात धुवायचे आणि एकमेकांवर चोळून गरम करायचे. गार हात लागला की पोट आखडतं, बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, काही लागत नाही. म्हणजे बाईला बरं वाटणं हा तपासणीचाच भाग आहे.

हात चार तऱ्हांनी ठेवून पोट चाचपतात. शेवटच्या वेळी तपासणारी बाईच्या पायांकडे तोंड करून उभी राहते. आता तिचा चेहरा दिसत नाही. म्हणून बोलत राहायचं: "ताई, आता खाली जरा दाबतेय. दुखलं तर लगेच सांगा."

(दृश्य: फीटोस्कोप, जवळून.)

बाळाचे ठोके ऐकायची ही नळी. हिची मूळ कथा पॅरिसच्या नेकर रुग्णालयातली, 1816 सालची. तेव्हा डॉक्टर छातीला थेट कान लावत. हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी रेने लेनेक यांच्यापुढे आली. तिच्या छातीला कान लावणं त्यांना योग्य वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला. ठोके कानापेक्षा स्पष्ट आले! पुढे लाकडी नळी झाली, तोच पहिला स्टेथोस्कोप. एका बाईचा संकोच जपताना वैद्यकशास्त्राला केवढं मिळालं!

(दृश्य: ओपीडी. पुरुषांची रांग.)

संकोच पुरुषांनाही असतो. हायड्रोसील, म्हणजे अंडकोशात साचलेलं पाणी, दाखवायला आलेल्या आजोबांनाही पडदा हवाच.

(दृश्य: भिंतीवरची रुग्णहक्कांची सनद.)

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2019 मध्ये राज्यांना पाठवलेल्या या सनदेत लिहिलंय: पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असतील, तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी. सिस्टर असो वा सोबत आलेली सासू, कोण हवं ते पेशंटला विचारा. सासू नकोशी असू शकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21: 30 ते 49 वर्षांच्या शंभर बायकांत दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झालेली नव्हती. कारणं अनेक, लाज त्यातलंच एक.

(दृश्य: ओपीडी. विद्यार्थिनी, समोर खरी पेशंट.)

"ताई, पोट बघू का?"

"थांबा, तो पडदा अजून थोडा ओढा."

विद्यार्थिनी पडदा भिंतीपर्यंत ओढते. मग हात चोळायला घेते.