उंबरठ्याच्या आत पाहुणा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते १९२३ सालच्या एका मूकपटाबद्दल. नाव 'अवर हॉस्पिटॅलिटी'. बस्टर कीटन त्याचा नायक आणि जॉन ब्लायस्टोनच्या जोडीनं दिग्दर्शकही. अमेरिकेत हॅटफील्ड आणि मॅकॉय या घराण्यांचं हाडवैर गाजलं होतं. त्यावरून इथे कॅनफील्ड आणि मॅके आले. काळ मात्र कीटननं मागे, १८३० च्या सुमाराला नेला, कारण त्याला अगदी सुरुवातीची आगगाडी हवी होती. ती इतकी सावकाश जाते की नायकाचा कुत्रा तिच्याबरोबर आरामात चालत येतो!

वडिलोपार्जित इस्टेट ताब्यात घ्यायला निघालेल्या विली मॅकेची गाडीत एका मुलीशी ओळख होते. ती त्याला घरी जेवायला बोलावते. घर नेमकं कॅनफील्डांचं. बाप आणि दोन्ही भाऊ पिस्तुलं घेऊन तयार, पण घरच्या रिवाजाप्रमाणे आल्या पाहुण्याला घरात मारायचं नाही. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की गोळी.

मला या चित्रपटाचं मोठं कौतुक वाटतं ते इथे. जेवणाआधी प्रार्थनेसाठी माना खाली जातात, पण जो तो दुसऱ्याकडे चोरून बघतोय. पुढे निघायची वेळ येते तेव्हा विली आपली टोपी लपवतो आणि ती शोधत बसतो. इमानी कुत्रा ती तोंडात धरून पुन्हा पुन्हा आणून देतो. आपण पोट धरून हसतो, पण दाराशी पिस्तूल आहे हे क्षणभरही विसरत नाही. भीती खरी ठेवली म्हणूनच ते हसू इतकं मोकळं येतं.

आणि मग नदी. कॅलिफोर्नियातल्या ट्रकी नदीत चित्रीकरण चालू असताना कीटनला बांधून ठेवलेली तार तुटली आणि तो खरोखर वाहून गेला. कॅमेरा थांबला नाही. पडद्यावर आपण पाहतो तो तोच प्रसंग. धबधबा मात्र स्टुडिओत उभारलेला. दोरावर झोका घेऊन कोसळत्या प्रियेला झेलणारा माणूस कीटन स्वतःच. झेलली ती मात्र तिच्या जागी वापरलेली बाहुली. ती नायिका, नॅटली टालमॅज, म्हणजे त्याची खरी बायको. आगगाडीचा चालक त्याचे वडील, आणि सुरुवातीचं तान्हं बाळ त्याचाच मुलगा.

शेवटी लग्न लागतं. कॅनफील्ड आपली पिस्तुलं टेबलावर ठेवतात. मग विली आपल्या कपड्यांतून एकेक पिस्तूल काढायला लागतो, आणि काढतच राहतो.