दोन-दोन मासे नकोत

नमस्कार मंडळी. पहिल्यांदा फिशटँक घेणारा माणूस दुकानात काय मागतो? "दादा, दोन निऑन द्या, दोन टायगर बार्ब, दोन झेब्रा, आणि तो एक एंजल." पंगतीत वाढल्यासारखं सगळं थोडं थोडं. आज मी बोलणार आहे ते या यादीच्या विरोधात.

निऑन टेट्रा, कार्डिनल, रासबोरा, झेब्रा डॅनिओ हे सगळे दीड-दोन इंचांचे, थव्याने राहणारे मासे. नदीत त्यांना गिळायला टपलेले पुष्कळ असतात. थव्यात राहिलं की शिकाऱ्याची नजर एका माशावर ठरत नाही आणि धोका हेरणारे डोळेही वाढतात. शेजारचा मासा वळला की पाण्यात उठलेली हालचाल अंगावरच्या पार्श्वरेषेला, म्हणजे कुशीवरून जाणाऱ्या संवेदनशील रेषेला कळते. असा मासा तुम्ही जोडीने आणलात, तर तो कायम पहाऱ्यावर राहणार. झाडामागे लपेल, रंग उडेल, खाणं टाळेल. टायगर बार्बचं उलटं होतं. दोघं-तिघंच असले की ते एंजलचे लांब पर कुरतडत बसतात. आठ-दहा असले की बरीचशी भांडणं आपापसात मिटवतात. तरी एंजलबरोबर ते नकोतच. निऑनही नकोत, कारण मोठा झालेला एंजल निऑन सरळ गिळतो.

म्हणून एकच जात घ्या, आणि किमान आठ-दहा घ्या.

आता एक गैरसमज. पाहुणे येतात, एखादं पोर काचेवर टकटक करतं, थवा झटकन आवळतो आणि सगळे एका दिशेने पळतात. लोक म्हणतात, वा! अहो, ते घाबरलेत. निर्धास्त थवा सैल असतो. कुणी पानाखाली टोच मारतंय, कुणी दुसऱ्याला हुसकावतंय, दोघं भलतीकडेच गेलेत. मला तोच थवा बघायला आवडतो.

निऑनचा निळा पट्टा हा रंगद्रव्याचा नाही, हेही सांगून टाकतो. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यातल्या अंतरावर कोणता प्रकाश परत फिरणार ते ठरतं. रात्री हे अंतर बदलतं आणि पट्टा मावळतो. पहाटे दिवा लावल्या लावल्या मासा फिका दिसला म्हणून औषधाची बाटली काढू नका. दिवसभर फिका राहिला, तर मात्र बघायला हवं.

टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घेतलात तर साधारण 55 लिटर होतो. दहा निऑनना तो पुरतो. या माशांना आडवं पोहायला जागा लागते, त्यामुळे उंच टँकचा मोह नको. काचेचा गोल बाऊल तर नकोच.

खरी मेख पाण्यात आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिल्या दोन गोष्टी विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढायचं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण टँक शनिवारी भरतो नि रविवारी मासे सोडतो! पाणी नितळ दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. स्पंज नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात, बादलीतच तो पिळायचा. रात्री वीज वाचवायला फिल्टर बंद करणारी घरं आहेत. कृपा करून तसं करू नका. जिथे लोडशेडिंग आहे तिथे बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

तापमानाचं म्हणाल तर निऑनला 22 ते 26 अंश मानवतं. नागपूरच्या मे महिन्यात हे जमवणं अवघड. तिथे कार्डिनल बरा, त्याला जास्त ऊब चालते. पाण्यावर टेबलफॅन सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्या-नाशकात डिसेंबरच्या रात्री हीटर लागतोच.

हा कार्डिनल मूळचा ब्राझीलमधल्या रिओ नेग्रोच्या खोऱ्यातला. तिथल्या बार्सेलोस गावात मासे पकडणाऱ्यांना 'पियाबेरो' म्हणतात, आणि गावात शोभेच्या माशांचा उत्सवही भरतो. जंगल टिकलं तरच मासा मिळतो, त्यामुळे जंगल राखण्यात या लोकांचा स्वतःचा फायदा आहे.

आपल्याकडच्या 'मिस केरला'चं तसं झालं नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या नद्यांतला हा मासा निर्यातीसाठी इतका उपसला गेला की आज तो धोक्यातल्या जातींत मोडतो. 2013 साली त्याच्यासाठी 'सह्याद्रिया' ही नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली. मांडणाऱ्यांत पुण्याचे संशोधक नीलेश डहाणूकर होते. दुकानात दिसला तर तो पैदास केलेला आहे का, हे आधी विचारा. असला, तरी तो वाढून चार-पाच इंचांचा होतो आणि त्यालाही थवाच लागतो. चार फुटी टँक असेल तरच त्याच्या वाटेला जा.