काबूलच्या पंचवीस बेकऱ्या

युद्धाच्या बातम्यांत शहर कुणी घेतलं, कुणाच्या हातून गेलं, हे आपल्याला कळतं. त्या शहरात संध्याकाळी पोरांच्या पुढ्यात काय आलं आणि ते कुणी मिळवलं, हे कळत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे. शहर आहे काबूल.

सोव्हिएत फौजांशी झालेल्या नऊ वर्षांच्या युद्धात आधीच असंख्य घरांतले पुरुष गेले होते. एप्रिल १९९२मध्ये सोव्हिएतांच्या पाठिंब्यावर उभं राहिलेलं अध्यक्ष नजीबुल्ला यांचं सरकार कोसळलं, सोव्हिएतांशी लढलेले मुजाहिदीनांचे सशस्त्र गट शहरात शिरले आणि मग चार वर्षं एकमेकांवर रॉकेटं डागत राहिले. पश्चिम काबूलमधले मोहल्लेच्या मोहल्ले जमीनदोस्त झाले. शहरातल्या विधवांची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या घरात असावी, असा मदतसंस्थांचा अंदाज होता. यांतल्या कितीतरी जणी शाळांत शिकवत, कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत काम करत आणि त्या पगारावर घर चालवत. २७ सप्टेंबर १९९६ रोजी तालिबाननं काबूल घेतलं. बायकांची नोकरी बंद झाली, मुलींच्या शाळा बंद झाल्या आणि महरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ, मुलगा यांपैकी कुणी सोबत नसेल तर घराबाहेर पडणं हा गुन्हा ठरला. जिच्या घरातले सगळेच पुरुष लढाईनं नेले, तिनं महरम कुठून आणायचा?

अशा बायकांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं बेकऱ्या चालवल्या. पीठ त्यांचं, तंदूर बायकांचा. विधवा कणीक मळायच्या, नान भाजायच्या आणि ती नान अगदी कमी दरात गरीब घरांना मिळायची. त्यांतही पुष्कळ घरं विधवांचीच. भाजणारीला मजुरी, घेणारीला भाकरी. शिवाय बाईनं बाईकडे जाऊन नान घ्यायची, त्यामुळे परक्या पुरुषासमोर उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे तालिबानच्याच नियमांच्या चौकटीत बसवलेलं हे काम होतं. तरीही जुलै २०००मध्ये फर्मान निघालं, की अफगाण बायकांनी मदतसंस्थांत काम करायचं नाही. आणि ऑगस्टमध्ये विधवांच्या पंचवीस बेकऱ्यांना कुलूप लागलं. दुसऱ्याच दिवशी ते काढावं लागलं. या बायका संस्थेच्या थेट नोकर नाहीत, अशी पळवाट निघाली. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण एवढ्या कडव्या राजवटीलाही शहराच्या भुकेपुढे नमावं लागलं.

काबूलच्या आग्नेयेला एक टेकडी आहे, झनाबाद. नव्वदच्या दशकापासून तिथे विधवांनी स्वतःच्या हातांनी मातीची घरं बांधली. बांधकाम बेकायदा, त्यामुळे दिवसा पोलीस पाडायला यायचे. बायका रात्री भिंती उभारायच्या. कुठलाही शांतता करार त्यांना छप्पर द्यायला आला नव्हता.

आता बाळंतपणाचं बघा. २००२मध्ये बदख्शान प्रांतातल्या राघ जिल्ह्यात पाहणी झाली. दर एक लाख जिवंत जन्मांमागे साडेसहा हजार मातामृत्यू! जगात कुठेही एवढा मोठा आकडा तोवर नोंदला गेला नव्हता. रस्ता नाही, दवाखाना नाही, सुईण नाही. पुढच्या वर्षांत गावागावांतून मुली निवडून त्यांना सुईणीचं रीतसर प्रशिक्षण दिलं गेलं आणि मातामृत्यू खरोखर घटले. २००१मध्ये सत्तेवरून गेलेले तालिबान २०२१मध्ये परत आले. डिसेंबर २०२२मध्ये मुलींसाठी विद्यापीठं बंद झाली. तरी सुईण आणि परिचारिका प्रशिक्षणाची वाट थोडीफार उघडी होती. डिसेंबर २०२४मध्ये तीही बंद केली. काही प्रांतांत पुरुष डॉक्टरनं बाईला तपासायचं नाही आणि बाईनं शिकायचं नाही, मग अडलेल्या बाळंतिणीनं कुणाकडे जायचं? आनंदीबाई जोशी याच प्रश्नाचं उत्तर शोधायला १८८३मध्ये अमेरिकेला निघाल्या होत्या. आज एक राजवट तोच प्रश्न जाणूनबुजून पुन्हा निर्माण करते आहे, आणि तोही युद्ध थांबल्याचं जाहीर झाल्यावर. बंदुकीनं मेलेल्यांची मोजदाद होते. या बायकांची मरणं प्रसूतीतली म्हणून नोंदली जातील, फार तर.

आपल्या शहराचाही यात संबंध आहे. पुण्यात कितीतरी वर्षं अफगाण विद्यार्थी शिकत आले, त्यांत मुलीही. ऑगस्ट २०२१मध्ये भारत सरकारनं अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. घरी गेलेल्या विद्यार्थ्यांची परतीची वाट त्यामुळे बंद झाली. मुलांचं नुकसान झालंच, पण मुलींना पुढे मायदेशात शिकायलाही काही उरलं नाही. सुरक्षेची काळजी मी समजू शकते. पण जिची नोंदणी आपल्या महाविद्यालयात होती, जिचे कागद आपल्याकडे होते, तिची पडताळणी करणं अशक्य नव्हतं. अर्धवट पदवी राहिलेल्या या मुलींना व्हिसा आणि शिष्यवृत्ती द्या, ही मागणी पुण्यातल्या विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी लेखी करायला हवी. इथे प्राध्यापक मंडळी बरीच बसली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते आहे.