बैठक मोजायची की तोलायची?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय ‘गुडघेदुखी आणि उपाय’. मी कार्यवाहांना ‘स्क्वॉट नीट कसा शिकावा’ असा विषय कळवला होता. स्क्वॉट म्हणजे जिममधली बैठक. ते म्हणाले, बाई, या नावाला पंधरावीस डोकी येतील, गुडघेदुखीला सभागृह भरतं. भरलंय, हे कबूल. पण औषधाच्या आशेने आलेल्यांना आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी शाळेत पी.टी. शिकवली आणि निवृत्त झाल्यापासून बायकांना वजन उचलायला शिकवते. माझ्याकडे मलमांची नावं नाहीत. ज्यांना उठून जायचंय त्यांनी खुशाल जावं. हात न टेकता खुर्चीतून किती जण उठतात तेवढं मला बघून घेऊ द्या.

एकही उठलं नाही. यातून मी काय समजायचं ते समजले.

सांगलीत उभं राहून बैठकीवर बोलायला जरा धाडस लागतं. पलीकडे कोल्हापूर, शेजारी मिरज, पेठेपेठेत तालीम, आणि घरटी एक आजोबा जे रोज हजार बैठका मारायचे. तुमच्याकडे होते ना? आमच्याकडेही होते. गंमत अशी की साडेआठशे मारणारे आजोबा मला आजवर भेटले नाहीत. सगळे हजारच. आजोबा वारल्यावर आकडा वाढत जातो, हेही मी पाहिलंय. आमच्याकडे तो दीड हजारापर्यंत पोचलाय आणि धाकटे काका अजून धडधाकट आहेत, तेव्हा पुढेही जाईल.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मिळेल त्या व्यासपीठावर मांडते: आपण बैठक मोजत आलो, तोलायची राहून गेली. ताकद वाढवायची तर बैठकीत वजन लागतं. आकडा वाढवत नेला की दम वाढतो. दम ही मोठीच गोष्ट आहे, पण ती वेगळी गोष्ट.

तालमीतली बैठक डोळ्यांपुढे आणा. गडी खाली जातो तशा टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, गुडघे चांगले पुढे जातात, हात झुलतात, आणि खाली टेकल्या टेकल्या तो उसळून वर येतो. एक लय लागते, घामाची धार लागते. कुस्तीसाठी हे फार उपयोगाचं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीतून तयार झालेले. तेव्हा मी बैठकीला नावं ठेवतेय असं कुणी बाहेर जाऊन सांगू नका. मला याच गावात राहायचंय.

पण शरीराचा हिशेब असा असतो की, एकदा सलग तीसचाळीस बैठका जमल्या की पुढच्या प्रत्येक बैठकीला स्नायू म्हणतो, हे मला येतं, फक्त जास्त वेळ करायचंय. मग तो जास्त वेळ काम करायला शिकतो. जास्त भार उचलायला शिकायचं तर भार वाढायला हवा, आणि इतका वाढायला हवा की पाचसहा वेळा खाली-वर केल्यावर सातव्याला विचार करावा लागेल. जुन्या वस्तादांना हे ठाऊक होतंच. दगडी नाल, म्हणजे जड दगडी कडं, गळ्यात घालून बैठका मारणं, जोडीदाराला खांद्यावर घेऊन मारणं, हे आखाड्यातले जुनेच प्रकार. समोरचा पैलवान उचलायचा असतो आणि तो वजनदार असतो, एवढा साधा विचार त्यामागे होता. म्हणजे वजन घेऊन बैठक ही काही परदेशातून आलेली चीज नाही. आपल्याकडे होती. आपण गोष्टीत मात्र आकडा तेवढा जपला आणि नाल तालमीच्या कोपऱ्यात ढकलली.

त्यात शाळेने आणखी भर घातली. इथे मी माझ्याच जातभाईंबद्दल बोलतेय, म्हणून अधिकाराने बोलते. पोरगा उशिरा आला, काढ उठाबशा. वही विसरली, काढ उठाबशा. कान धरून! मुलाच्या आयुष्यातली पायांच्या व्यायामाची पहिली ओळख कशी, तर हातात कान, मान खाली, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसतोय. मग हाच मुलगा चाळिशीत जिममध्ये गेला की छाती करतो, दंड करतो, आरशात बघतो, आणि पायांच्या दिवशी त्याच्या घरी पाहुणे येतात. गणिताच्या तासाला शिक्षा म्हणून पाढे लिहायला लावले की पालक भेटायला येत. उठाबशांसाठी एकही पालक आल्याचं मला आठवत नाही.

आता माझं मुख्य गाऱ्हाणं. अध्यक्ष घड्याळ बघताहेत, पण हे सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

आमच्या शेजारची सून. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी म्हणाली, ताकद गेलीय, मुलाला कडेवर घेऊन जिना चढवत नाही. एका जिममध्ये नाव घातलं. कुठली ते विचारू नका, पाटी चकचकीत आहे एवढं सांगते. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी दोन नियम दिले. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये, आणि मांडी जमिनीला समांतर होण्याआधी थांबायचं, खाली गेलात तर गुडघे संपले. नियम पाळला जावा म्हणून त्याने तिच्या पायांपुढे एक लाकडी बाक आडवा ठेवला. गुडघा बाकाला लागला की ‘चूक!’ असं मोठ्याने ओरडायचा. आता गुडघा पुढे जायचा नाही म्हटल्यावर ती करणार काय? पार्श्वभाग मागे ढकलायचा आणि तोल जाऊ नये म्हणून छाती पुढे टाकायची. ती नमस्कार घातल्यासारखी ओणवी व्हायला लागली. महिन्याभरात कंबर धरली. प्रशिक्षकाचा निष्कर्ष असा की तुमची कंबर कमजोर आहे, कंबरेचं वेगळं पॅकेज आहे.

ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, आमच्या मागच्या अंगणात चल, तुळशीपाशी पडलेली पानं गोळा कर. ती उकिडवी बसली, टाचा पूर्ण टेकलेल्या, गुडघे बोटांच्या पुढे चांगले चार बोटं, पाठ बऱ्यापैकी सरळ, आणि बसल्या बसल्या सरकत सगळी पानं गोळा केली. आईच्या घरी विळीवर नाही, पण भांड्यांपाशी, नळापाशी ती जन्मभर अशीच बसत आलेली. मी विचारलं, आत्ता गुडघे संपले का? म्हणाली, नाही हो, पण ते जिममधलं वेगळं असतं ना?

वेगळं नसतं, मंडळी! गुडघा तोच असतो. जिना उतरताना तो बोटांपुढे जातोच, तिथे कुणी बाक ठेवत नाही.

तो बाक मात्र ऐतिहासिक आहे. २००३ साली अमेरिकेत फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी हेच करून मोजलं. सात पुरुष, खांद्यावर स्वतःच्या वजनाइतका बार, म्हणजे वजनाची लोखंडी दांडी, एकदा मोकळा स्क्वॉट आणि एकदा पायांपुढे लाकडी अडसर लावून. अडसर लावल्यावर गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला. म्हणजे प्रशिक्षक अगदीच खोटं बोलत नव्हता, गुडघ्याचा भार कमी होतो. पण खुब्यावरचा टॉर्क २८ वरून ३०० च्या पुढे गेला. दहा पटींहून जास्त. गुडघ्याचं ओझं काढून कुणाच्या डोक्यावर ठेवलं, ते तिच्या कंबरेने सांगितलंच होतं.

आणि दुसरा नियम, खाली जायचं नाही, तो कुठून आला? टेक्सास विद्यापीठात कार्ल क्लाईन नावाचे गृहस्थ होते. १९६१ साली त्यांनी लिहिलं की पूर्ण खाली जाऊन स्क्वॉट मारणाऱ्यांचे गुडघ्याचे स्नायुबंध सैल होतात. गुडघा तपासायला त्यांनी स्वतः बनवलेलं उपकरण वापरलं होतं. नंतर इतरांनी तपासून पाहिलं तेव्हा असा सैलपणा काही सापडला नाही. पण भीती एकदा सुटली की शोधनिबंधापेक्षा लांब पळते. साठ वर्षांनी ती आमच्या शेजारच्या सुनेपर्यंत पोचली. २०१३ साली जर्मनीतल्या हार्टमान आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. त्यांचं म्हणणं असं की गुडघ्याच्या वाटीमागचा दाब ९० अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असतो. त्याखाली गेलं की भार जास्त जागेवर पसरतो, पोटरी आणि मांडी एकमेकींना टेकून आधार देतात. शिवाय अर्धवट स्क्वॉटमध्ये माणूस पूर्ण खाली जाऊन पेलवेल त्याहून बरंच जास्त वजन खांद्यावर घेतो, कारण अर्धंच जायचं असतं, आणि ते सगळं मणक्यावर येतं. थांबा म्हणतात तीच जागा नेमकी अवघड!

लांब कशाला जायचं, आपल्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर. २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे वजन आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, त्याने १३५ किलो उचलले. हे वजन खांद्यावर झेलतात ते पार खाली बसून, आणि तिथून उठतात. गुडघे बोटांपुढे, मांड्या पोटऱ्यांवर. पुढच्या प्रयत्नात त्याला दुखापत झाली, ती कोपराला. स्पर्धेतले दोन्ही प्रकार मिळून एकूण २४८ किलो, सुवर्णपदकवाल्याचे २४९. एका किलोने रौप्य. आजही मला ते आठवलं की चहा गोड लागत नाही.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं उरलीत. बघा, कबूल केलेला विषय अजून सुरूच झाला नाही. आता भरभर सांगते, लिहून घ्यायचं तर घ्या.

सुरुवात खुर्चीपासून. खुर्चीपुढे उभं राहायचं, पाय खांद्यांइतके किंवा थोडे जास्त फाकलेले, चवडे किंचित बाहेर. तीन मोजत हळूहळू खाली, खुर्चीला नुसता स्पर्श, आणि वर. धप्पकन बसायचं नाही. हात न टेकता दहा वेळा नीट जमलं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, मग पाट. ज्यांना एवढ्यानेच दम लागतो त्यांचा व्यायाम सध्या हाच, त्यात कमीपणा नाही.

मग वजन छातीशी. एक डंबेल दोन्ही तळव्यांत उभा धरायचा, हनुवटीखाली. जिममध्ये याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. पाच किलोचं तांदळाचं पाकीट कवटाळलं तरी चालतं. पुढे वजन असलं की माणूस आपोआप मागे न पडता सरळ खाली जातो. शिकवणाऱ्याचं निम्मं काम ते वजनच करतं. खाली गेल्यावर कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला येतील. गुडघे चवड्यांच्या दिशेनेच जाऊ द्या, आत कोसळू देऊ नका. पुढे किती गेले याची चिंता सोडा. टाच मात्र उचलायची नाही. भार टाचेवर, अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी, तिन्हीकडे हवा. टाच उचलली जात असेल तर बहुधा घोटा आखडलाय. तोवर टाचांखाली पातळ फळी घ्या. वेटलिफ्टरच्या बुटाची टाच उंच असते ती उगीच नाही.

बार. मोठा बार २० किलोचा असतो, बायकांसाठीचा १५. रिकामाच घ्यायचा, त्याची लाज वाटून घेऊ नका. तो मानेच्या मणक्यावर ठेवायचा नाही, खाली खांद्यांच्या मांसल पट्ट्यावर. पोटात श्वास भरायचा, पोट घट्ट करायचं, खाली जाऊन वर येईपर्यंत धरायचा, वर आल्यावर सोडायचा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास धरण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. बाजूने बघितलं तर बार पावलाच्या मध्यावरून सरळ खाली आणि सरळ वर जायला हवा. कुणाकडून तरी मोबाईलवर बाजूने चित्रीकरण करून घ्या. आरसा समोरून बघतो, त्याला हे दिसत नाही. किती वाकायचं? ज्याचं मांडीचं हाड लांब, तो जास्त वाकणार. शेजाऱ्याची नक्कल करू नका. किती खाली? पॉवरलिफ्टिंगचा नियम आहे, खुब्यापाशी मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली. तिथपर्यंत कंबर गोल न होता जाता आलं तर उत्तम. कंबर खालून गुंडाळली जात असेल तर त्याच्या बोटभर आधी थांबा.

आठवड्यात दोनदा. पाच-पाचचे तीन सेट, म्हणजे पाच वेळा खाली-वर, असं तीनदा, मध्ये दोनतीन मिनिटं विश्रांती, मोबाईल न बघता. सगळे नीट झाले तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वाची प्लेट. नीट झाले नाहीत तर तेवढंच ठेवा. आकडा वहीत लिहा. हो, मोजायचंच, पण किलो मोजायचे.

आणि रॅकशिवाय, म्हणजे बार ठेवायच्या लोखंडी चौकटीशिवाय, बार घेऊ नका. रॅकच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या पिना आपण सर्वांत खाली जातो त्याच्या थोड्या खाली लावायच्या. वर येता आलं नाही तर पिनांवर बार टेकवायचा आणि पुढे सरकून बाहेर पडायचं. वजन चढवायच्या आधी, रिकाम्या बारवर, हे मुद्दाम करून बघा. निसटायची वाट माहीत असली की माणूस खाली जायला घाबरत नाही, आणि न घाबरता गेला की फॉर्म आपोआप निम्मा सुधारतो.

दुसरी चिठ्ठी आलीय, ही मात्र श्रोत्यांतून. ‘बसताना गुडघ्यांतून कटकट आवाज येतो, चालेल का?’ दुखतं का, सूज येते का, गुडघा मध्येच अडकतो का? यातलं काही असेल तर फळ्यावरचा विषय तुमच्यासाठी होता, डॉक्टरांना दाखवा. नुसताच आवाज असेल तर येऊ द्या. माझेही वाजतात, पुढच्या रांगेला ऐकू येतील इतके.