वहीतला पाचवा रकाना

[पहाट. गुलटेकडीचं मार्केट यार्ड. ट्रकमधून कांद्याच्या गोण्या उतरतायत.]

अवकाळी पाऊस होऊन गेला की इथला हमालसुद्धा गोणीला हात लावून सांगतो, माल ओला आहे, टिकायचा नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमना हे लहानपणापासून ठाऊक. वडील जुन्नर तालुक्यात कांदा करायचे. साठवणीच्या चाळीत कांदा सडला की त्या वर्षी वह्या-पुस्तकं जुनी यायची.

पुण्यात शिकायला आल्या त्या अर्थशास्त्रासाठी. पीएचडीचा विषय महागाई आणि व्याजदर. महागाई चार टक्क्यांवर, फार तर दोन टक्के इकडेतिकडे ठेवायची, असं रिझर्व्ह बँकेला कायद्याने बांधून दिलं गेलं २०१६ साली. पण २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या किंमत निर्देशांकात जवळपास ४६ टक्के वाटा होता खाण्यापिण्याचा. म्हणजे जुन्नरच्या चाळीतला ओलावा मुंबईत व्याजदर ठरवणाऱ्यांच्या टेबलावर पोचतोच. आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवून चाळीतला कांदा काही वाळत नाही.

हेच त्यांनी पहिल्या निबंधात मांडलं. चर्चासत्रात एका ज्येष्ठांनी विचारलं, "हा शेतकीचा विषय इथे कशाला आणलात?" पेन्सिलीने तेवढाच शेरा मारलेली ती प्रत मॅडमनी अजून जपून ठेवली आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनला बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी विमा व्यावसायिकांसमोर सांगितलं, की हवामानबदल हा वित्तव्यवस्थेच्या स्थैर्यालाच धोका आहे. एप्रिल २०२१ मध्ये याच प्रश्नावर काम करणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या गटात आपली रिझर्व्ह बँकही गेली. ज्या विषयाला दारात उभं केलं जात नव्हतं, त्याच्यासाठी आता पाट मांडला गेला.

[गोखले अर्थशास्त्र संस्थेचा परिसर. मागे टेकडी.]

१९३० साली सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांचे चिरंजीव माधवराव पुढे परिसरशास्त्रज्ञ झाले. वडिलांनी अर्थव्यवस्था अभ्यासली, मुलाने सह्याद्री. एका घरात जे सुखाने नांदलं, ते विद्यापीठांच्या विभागांत वेगवेगळ्या खोल्यांत का बसवलं, हा प्रश्न मॅडम दरवर्षी पहिल्याच तासाला विचारतात.

[मॅडमची खोली. टेबलावर लाल कापडी पाठीची वही.]

या वहीत पाच रकाने आहेत. लिलावाची तारीख, मुदत, हरित रोख्याचा व्याजदर, साध्या सरकारी रोख्याचा व्याजदर आणि फरक. हरित रोखा हे कर्जच. सरकार पैसे उचलतं, व्याज देतं, मुदतीला मुद्दल परत करतं. फक्त तो पैसा सौर-पवनऊर्जा, स्वच्छ वाहतूक अशा ठरलेल्या कामांनाच लावायचा.

पहिली नोंद २५ जानेवारी २०२३ ची. केंद्र सरकारचे पहिले हरित रोखे, ८,००० कोटींचे. पाच वर्षांचा दर ७.१० टक्के, दहा वर्षांचा ७.२९. पाचव्या रकान्यात पाच-सहा बेसिस पॉइंट, साध्या रोख्यापेक्षा तेवढंच व्याज कमी. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का. मॅडम फळ्यावर हिशेब करतात: आठ हजार कोटींवर पाच बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला चार कोटी. एवढ्या सवलतीवर देशाची वीज कोळशावरून हलणार नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यासाठी कर, अनुदान आणि बँकांचे नियम एका दिशेने वळवावे लागतील. त्यांचं सगळं संशोधन याच एका गोष्टीसाठी भांडतं, आणि आम्हाला ते पटतं.

पुढची पानं उलटा. २०२४ मधल्या काही लिलावांना पुरेसा प्रतिसादच मिळाला नाही. रोखे थोडे, ते पुन्हा विकायला गिऱ्हाईक मिळेना. मग व्याज कमी कोण घेणार?

मागच्या पानांवर महापालिका. पुण्याने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, दर ७.५९ टक्के. त्यावर हरित हा शिक्का नव्हता. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये तेवढ्याच रकमेचे काढले, ते हरित. शिक्क्याने प्रत्यक्षात काय बदललं, हे पदपथांसारख्या कामांवर जाऊन शोधायला मॅडमची एक विद्यार्थिनी सध्या रोज पिंपरीला जाते.

[संध्याकाळ. विद्यार्थिनी दारात.]

"मॅडम, पदपथाची लांबी मोजून आणली."

"टेपने की कागदावरून?"

"टेपने."

मॅडम वही तिच्याकडे सरकवतात. पाचव्या रकान्याच्या उजवीकडे पट्टीने एक नवी रेघ आखलेली आहे.