शीळकरी कस्तूर आणि खवले मांजर

श्रोतेहो, नमस्कार. मृगाचा पाऊस सुरू झाला की आंबोलीच्या किंवा माथेरानच्या रानात उजाडण्यापूर्वी जी लांबलचक शीळ ऐकू येते, ती एखाद्या रिकामटेकड्या मुलाची नसून शीळकरी कस्तूराची असते. काळ्या अंगावर निळी झाक असलेला हा पक्षी ओढ्याकाठच्या कपारीत घरटे बांधतो, आणि त्याचा स्वर पाण्याच्या खळखळाटातूनही दूरवर पोहोचतो. त्यामुळे तो रानात आहे की नाही, हे अंथरुणातूनही कळते.

त्याच सह्याद्रीत राहणाऱ्या खवले मांजराचा आवाज मात्र मी आपल्याला ऐकवू शकत नाही. रेडिओवर बोलणाऱ्याची ही अडचणच म्हणायची. दिवस बिळात काढून रात्री बाहेर पडणारा, दात नसलेला हा सस्तन प्राणी लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपतो. कस्तूराच्या घरट्यात दोन ते चार अंडी असतात. खवले मांजराला मात्र एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, आणि आई त्याला शेपटीवर बसवून हिंडते. म्हणजे मारला गेलेला प्रत्येक प्राणी भरून निघायला फार काळ लागतो.

संकट आले की कस्तूर उडून जातो, खवले मांजर अंगाची गुंडाळी करते. हा खवल्यांचा गोळा बिबट्यालाही सहज उलगडता येत नाही. पण माणसाला तो उलगडायचाच नसतो, उचलून पोत्यात टाकला की झाले. आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले हे खवले औषधी असल्याच्या समजुतीने चोरट्या मार्गाने परदेशी जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे, २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णयही झाला. तरी तो आज संकटग्रस्त आहे आणि कस्तूराला मात्र तूर्त तसा धोका नाही.

माझ्या मते हा फरक बराचसा परिचयाचा आहे. चिपळूण तालुक्यातील डुगवे गावाने २०२० मध्ये खवले मांजराचा उत्सव करून त्याच्या प्रतिकृतीची पालखी काढली, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. ताज्या उकरलेल्या बिळाची खबर गावकऱ्यांनी दिली, तरच तेथे कॅमेरा लावून हा प्राणी नोंदवता येतो. आणि तीच खबर शिकाऱ्याच्याही उपयोगाची असते.