पाणवठ्यावर उभं राहून दिलेली साक्ष

नमस्कार श्रोतेहो.

आज एका चित्राविषयी बोलायचंय. लांबी दहा मीटर, रुंदी आठ मीटर. मुंबईतल्या पुष्कळ घरांपेक्षा मोठं. १९९७ साली ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या ग्रेट सँडी वाळवंटात, पिरनिनी इथे, कॅनव्हास जमिनीवर अंथरून चाळीसेक आदिवासी चित्रकारांनी ते रंगवलं. कॅनव्हासवरच बसून, ज्याने त्याने आपापल्या मुलखाचा तुकडा. त्याचं नाव ‘न्गुरारा कॅनव्हास’.

पण हे रंगवलं प्रदर्शनासाठी नव्हे, जमिनीच्या दाव्यासाठी.

१९९२च्या, माबो नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केलं, की गोरे आले तेव्हा तो देश बेवारस नव्हता. पुढच्याच वर्षी, आदिवासींना जमिनीवरचा हक्क मागता यावा यासाठी कायदा झाला. मात्र या भूमीशी आपलं नातं तुटलेलं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी आदिवासींवरच आली. वालमाजारी, वांगकाजुंगा या भाषा बोलणारी ही माणसं दरम्यानच्या काळात वाळवंट सोडून उत्तरेकडच्या गुरांच्या मळ्यांवर आणि फिट्झरॉय क्रॉसिंगच्या आसपास पांगली होती. त्यांचा पुरावा गाण्यांत, नाचांत, चालून पाठ झालेल्या वाटांत. तो इंग्रजीतून, वकिलांच्या नकाशांवर बोट ठेवून सांगायचा कसा? मग त्यांनी ठरवलं, रंगवूनच दाखवू. आधी एक लहान कॅनव्हास झाला होता, पण त्यात सगळा मुलूख मावेना.

वाळवंटातली चित्रकला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे टिंबं येतात. ती ओळख मुख्यतः पापुन्या या वस्तीची. तिथे १९७१च्या सुमारास वडीलधाऱ्या पुरुषांनी वाळूवर आणि अंगावर काढायच्या आकृत्या फळ्यांवर उतरवायला सुरुवात केली. परक्यांनी बघू नये असंही काही त्यात होतं. पुढे टिंबांचा एक उपयोग ते झाकण्यासाठीही झाला. न्गुरारामध्ये मात्र तशी शिस्तबद्ध टिंबं शोधू नका. तिथे रंगांचे मोठमोठे पट्टे आहेत, वर्तुळं आहेत. या चित्राचा खरा विषय पाणी. बारमाही पाणवठ्याला तिथले लोक ‘जिला’ म्हणतात. प्रत्येक जिलामध्ये पाऊस आणणारा नाग राहतो, आणि त्याची जपणूक ठरावीक कुटुंबांकडे असते. सातबाऱ्यावर जमीन माणसाच्या नावावर चढते. इथे माणूसच पाणवठ्याच्या नावावर असतो म्हणा ना!

असे जमिनीचे दावे हाताळणाऱ्या लवादाची माणसं आली, तेव्हा एकेक दावेदार कॅनव्हासवर चालत गेला, आपल्या पाणवठ्यावर उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत बोलला. दुभाषे होतेच. पण साक्षीदार पुराव्यावरच पाय रोवून उभा आहे, असं कुठल्या कचेरीत घडलंय? गॅलरीच्या भिंतीवर टांगलं की या चित्राचं निम्मं जातं, असं मला वाटतं. भिंतीवर त्याला वरची आणि खालची बाजू येते. जमिनीवर ते चहूबाजूंनी वाचता येतं, आणि त्यावर उभं राहता येतं.

निकालाला दहा वर्षं लागली. नोव्हेंबर २००७मध्ये फेडरल कोर्टाने सुमारे ७७,००० चौरस किलोमीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढ्या मुलखावर, त्यांचा हक्क मान्य केला. तो दिवस बघायला रंगवणाऱ्यांपैकी सगळे उरले नव्हते.